सिद्ध होईपर्यंत

पुण्यात खोली शोधत मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी मला आत या असं म्हटलं नाही. जिन्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "वर एक खोली आहे. तिला कथित स्वयंपाकघर आहे. बघून या." मी वर जाऊन आले. ओटा होता, नळ होता, नळाला पाणी नव्हतं. खाली येऊन तसं सांगितलं, तर शांतपणे म्हणाले, "म्हणून तर कथित म्हटलं."

आमच्या अमरावतीला घरमालक आधी चहा देतो आणि मग खोटं बोलतो. इथे चहाही नव्हता आणि खोटंही नव्हतं. मी त्याच दिवशी सामान आणलं.

घर धायरीत होतं. तेव्हा धायरी अर्धी गाव होती आणि अर्धी जाहिरात. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला त्याच ज्वारीवर उभ्या राहणाऱ्या इमारतींचे फलक. काका (मी पहिल्या आठवड्यातच त्यांना काका म्हणायला लागले, त्यांनी मला शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं) रोज सकाळी फिरायला जात आणि ते फलक वाचून येत. परत आल्यावर काकूंना वृत्तांत मिळे. कथित पोहण्याचा तलाव. कथित बाग. डेक्कनपासून कथित पंधरा मिनिटं. एकदा तर ते बसने डेक्कनपर्यंत जाऊन आले आणि पुढचे दोन दिवस, न विचारता, सगळ्यांना किती वेळ लागला ते सांगत राहिले.

त्यांची सगळी नोकरी कोर्टात कारकून म्हणून झाली होती. त्या भाषेतलं बाकी सगळं त्यांनी निवृत्तीच्या दिवशी तिथेच ठेवलं, हा एक शब्द मात्र घरी आणला. कोणी काही म्हटलं आणि ते अजून सिद्ध झालेलं नसलं, की त्याच्या आधी तो लागे. हवामान खात्याचा पाऊस कथित, आरोग्यमंत्र्यांच्या प्रकृतीतली सुधारणा कथित, डॉक्टरांनी त्यांना सांगितलेला रक्तदाब कथित. काकूंच्या आमटीला एकदा ते "कथित मीठ घातलेली" म्हणाले. काकूंनी मिठाची बरणी ताटाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "हा मुद्देमाल." ते निमूट जेवले.

मी एकदा त्यांच्याच शब्दाने त्यांना चिडवायला गेले. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर एक पाटी लागली होती, तिच्याकडे बघून म्हटलं, "काय काका, तथाकथित गृहसंकुल." त्यांनी चष्मा काढला. हे वाईट लक्षण असे. मग मला उभं करून शिकवलं. तथाकथित म्हणताना माणूस नाक मुरडतो. म्हणजे त्याच्या मनात निकाल लागलेला असतो, आणि तो विरुद्ध लागलेला असतो. कथित म्हणणाऱ्याचं नाक सरळ असतं. तो एवढंच म्हणतो की थांबा. "तुमचा शब्द शिवी आहे," ते म्हणाले, "माझा शब्द सिग्नल आहे." पुण्यात सिग्नल कोण पाळतं, असं माझ्या ओठावर आलं होतं, पण भाडेकरू होते.

मी हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. पहिल्यांदा त्यांना ते सांगितलं तेव्हा "कथित इंजिनिअर" असा त्यांचा चेहरा झाला. मग मी समजावलं की बाकीचे लोक प्रोग्रॅम लिहितात, झालं म्हणतात, आणि माझं काम ते झालं नाही हे दाखवणं. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही पगार घेऊन संशय घेता," ते म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा चहा मिळाला. त्या घरातली माझी जागा माझ्या वडिलांनी मिळवलेल्या कुठल्याही ओळखीने नाही, या एका वाक्याने पक्की झाली.

त्यांचे नियम पुष्कळ होते, पण एक फार कडक होता. काय ते वेळेवर सांगा. नळ गळतोय हे मी महिनाअखेरीला सांगितलं, तर प्लंबरला बोलावण्याआधी मला ऐकावं लागलं, "उशिरा नोंदवलेल्या जबाबाला किंमत नसते." काकूंनी गॅस संपत आल्याचं संपल्यावर सांगितलं, तरी हेच. काकू म्हणायच्या, "नोंदवून घेणारा जागेवर असेल तर ना." त्या दोघांचं असं चाले. मी वरून ऐके आणि हसे.

पहिल्या दिवाळीला मला घरी जाता आलं नाही. आमचे ग्राहक अमेरिकेत, त्यांना दिवाळी माहीत नाही. भाऊबीजेच्या संध्याकाळी खोलीत रडका चेहरा करून बसले होते, तेवढ्यात काकू निरांजनाचं ताट घेऊन गच्चीत आल्या. मागे काका. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसत होती. काकूंनी तिला कुंकू-अक्षता वाहिल्या आणि ओवाळलं. काका शेजारी उभे राहून ज्योतीला वारा लागू नये म्हणून तळहात आडवा धरून होते. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात हे मला माहीत होतं, म्हणून मी हळूच विचारलं, "काकू, भाऊ नाही तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "चंद्र आहे की." आणि मलाही ओवाळायला लावलं, भाऊ अमरावतीला असून.

पुढे कधीतरी काकांचा रेडिओ बिघडला. मी बुधवार पेठेत जाणार होते, म्हटलं देते दुरुस्तीला. ते म्हणाले, "कुठेही द्या. कोपऱ्यावरचं मोठं दुकान तेवढं सोडा. तिथे माझे कथित मेहुणे बसतात." मला वाटलं कोणी लांबचे असतील. काकू आत भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

आता माझ्या लग्नाची गोष्ट. विश्रांतवाडीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा माझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला. पत्रिका आधीच जुळवून झाली होती, मग फोटो, मग कांदेपोहे. पोहे खाता खाता त्याने मला विचारलं की तपासताना चूक सापडली तर आनंद होतो की वाईट वाटतं. आजवर पाहायला आलेल्या कोणीही मला कामाबद्दल असा खरा प्रश्न विचारला नव्हता. मला तो आवडला होता, हे सरळच सांगते.

राहिली होती फक्त चौकशी. आपल्याकडे मुलगी घरच्यांना आवडली, तरी तिच्या गल्लीला आवडावी लागते. मुलाकडचा कोणीतरी वडीलधारा एका रविवारी सहज इकडे आलो होतो असं दाखवत येतो, घरमालकाला भेटतो, वाण्याला भेटतो, आणि मुलीचं चारित्र्य समजून घेऊन जातो. आईचा अमरावतीहून फोन आला, "घरमालकाले सांगून ठेव बाई, नीट बोला म्हणा." मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत आहे तेवढं सांगेन." या माणसाने आजवर स्वतःच्या रक्तदाबाबद्दलही खात्री दिली नव्हती.

मुलाचे मामा आले ते खरोखरच रविवारी सकाळी. मी वर होते, ते त्यांना माहीत नव्हतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. मामांनी आधी वाण्याकडे, मग शेजारी चौकशी केलेली दिसत होती, कारण व्हरांड्यात बसल्या बसल्या ते घसा खाकरून म्हणाले की मुलगी तशी बरी दिसते, पण रात्री उशिरा येते, रोज निरनिराळे लोक गाडीने सोडायला येतात, असं कानावर आलं.

हे खरं तर फार साधं होतं. मला दुपारची पाळी होती. कंपनी घरी पोचवायला गाडी देई, आणि ती गाडी कंत्राटदाराची असल्यामुळे आज सुमो, उद्या इंडिका, ड्रायव्हर रोज नवा. शेजारच्या वहिनींचं घराणं मूळ गावातलं. जमीन बिल्डरला देऊन त्यांनी दारात एक जीप घेतली होती, आणि त्यांच्या हिशोबी गाडी म्हणजे घरातली वस्तू. जिची गाडी रोज बदलते, तिचं घर रोज बदलतं.

मला वाटलं, आता काका म्हणतील, अहो छे, फार चांगली मुलगी आहे. काका म्हणाले, "कानावर आलं ना? मग ते कथित. कोणाच्या तोंडून आलं?" मामांची नजर कुंपणाकडे गेली. काकांनी व्हरांड्यातूनच कुंपणापलीकडे हाक मारली, "वहिनी, जरा येता का?"

वहिनी हात पुसत कुंपणाशी आल्या. काकांनी त्यांना मामांसमोर विचारलं की त्यांनी डोळ्यांनी काय पाहिलं.

"म्या कुठं काय म्हनले," वहिनी म्हणाल्या. "गाडी येती एवढं खरं हाय."

"गाडी येते, मान्य. गाडीतून कोण उतरतं?"

"ही उतरती."

"आणखी कोण?"

"आनखी कुनी न्हाई. पर रोज येगळी गाडी आसती. डायवर बी येगळा."

"बरं. आपल्याकडे पाण्याचा टँकर येतो. काल कोणता आला होता?"

वहिनींना आठवेना.

"परवा वेगळा होता की नाही? ड्रायव्हर वेगळा होता की नाही? मग पाण्यावर संशय आहे का?"

वहिनींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "न्हाई, पानी चांगलं हाय." आणि गेल्या. जिन्यावर मी तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबून बसले होते. मला वाटलं, जिंकलो.

मग मामा समाधानाने म्हणाले, "चला, शंका फिटली. म्हणजे मुलगी चांगली आहे, असं तुम्ही खात्रीने सांगता."

काका म्हणाले, "नाही. मी कोणाची खात्री देत नाही. तिच्याविरुद्ध काही सिद्ध झालेलं नाही, एवढं सांगतो."

मामा चहा न घेता गेले. या वेळी काकांनी तो विचारलाही होता.

आठवड्याने अमरावतीला निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका सगळ्यात आधी जुळवली होती, आणि आकाशातले ग्रह तेवढ्यात हलले असण्याची शक्यता कमी होती. त्या दिवशी मी कामावरून लवकर आले आणि सरळ व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, दोन वर्षं मी तुमच्या डोळ्यांसमोर आहे. 'चांगली मुलगी आहे' एवढे तीन शब्द तुमच्याने निघाले नाहीत?"

त्यांनी चष्मा काढला नाही. बसा म्हणाले. मग म्हणाले, "मी पुराव्याशिवाय चांगलं म्हटलं, की समोरच्याला पुराव्याशिवाय वाईट म्हणायचा हक्क मिळतो. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं. तो हक्क मी कोणाला देणार नाही. मला त्याची किंमत माहीत आहे."

आणि मग त्यांनी सांगितलं. आवाज अगदी सपाट, कोणा तिसऱ्याचं प्रकरण वाचून दाखवावं तसा. तरुणपणी ते एका तालुक्याच्या कोर्टात होते. खटल्यांमध्ये पुरावा म्हणून जप्त केलेला माल, म्हणजे मुद्देमाल, त्यांच्या ताब्यात असे. एका चोरीच्या खटल्यात सोन्याच्या पाटल्यांचा जोड होता. सुनावणीच्या दिवशी पुडकं उघडलं तर आत एकच पाटली. दुसरी कधीच सापडली नाही. काकांना निलंबित केलं, त्यांच्यावर खटला झाला, आणि ज्या कोर्टात ते खुर्चीवर बसत तिथे पिंजऱ्यात उभे राहिले. सुटले. कामावरही परत घेतलं.

"निर्दोष सुटलात ना," मी म्हटलं.

"संशयाचा फायदा देऊन सुटलो. फायदा कोर्टाने दिला. संशय मात्र माझ्याकडेच राहिला. त्या काळात मला सगळे चोर म्हणत. वाणी, शेजारी, नातेवाईक. एकानेही त्याच्या आधी कथित लावलं नाही. साधा तीन अक्षरी शब्द आहे. कोणाला जड नव्हता."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला गलबलून आलं आणि मी त्या भरात म्हटलं, "काका, तुम्ही घेतली नसणार."

"कशावरून?"

मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

"मग बोलू नका," ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

मी वर आले ती रडत आले. स्थळासाठी रडले की या म्हाताऱ्यासाठी, ते मलाच कळत नव्हतं. थोड्या वेळाने काकू वाटीत शिरा घेऊन आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस, त्यांना कोणी असं एकदम काही चांगलं म्हटलं की सोसत नाही. मग स्वतःच सांगायला लागल्या. निलंबनाच्या काळातच त्यांच्या भाच्याची मुंज होती. भावाने भर पंगतीत, लोकांना ऐकू जाईल असं, पाटलीचोर आलाय, भांडी मोजून घ्या, असं म्हटलं. "हे पान सोडून उठले. मी वाढत होते. हातातली वरणाची वाटी तिथेच ठेवली आणि यांच्या मागे निघाले. त्यानंतर मी त्या दारात पाय ठेवला नाही. आई गेली तेव्हासुद्धा बाहेर रस्त्यावर उभं राहून नमस्कार केला."

बुधवार पेठेतलं कोपऱ्यावरचं दुकान. चंद्राची कोर. माझ्या डोक्यात दोन्ही एकदम जुळलं.

"काकू, तुम्ही त्यांना कधी म्हणालात, की तुमचा विश्वास आहे?"

"म्हणायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "आणि म्हटलं असतं तर काय म्हणाले असते, माहीत आहे ना? कथित विश्वास. शिरा गार होतोय."

म्हणजे एका घरात दोन माणसं इतकी वर्षं राहत होती. एकाला एक वाक्य ऐकायचं होतं आणि तो विचारत नव्हता. दुसरीला ते बोलण्याची गरजच वाटत नव्हती, कारण ती ते रोज करून दाखवत होती. आणि ज्याने जन्मभर सगळ्यांना 'डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगा' म्हणून धारेवर धरलं, त्याला स्वतःच्या घरातलं दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पुढच्या भाऊबीजेलाही मला सुटी नव्हती. खरं सांगायचं तर मी मागितली नव्हती. संध्याकाळी काकू खाली ताट तयार करत होत्या, काका गच्चीत आधी येऊन कठड्याशी वारा बघत होते. मी त्यांच्याजवळ गेले. आमच्या कामात एक पद्धत आहे. चूक आहे असं म्हणायचं नाही. एकेक पायरी करून दाखवायची आणि समोरच्यालाच बघू द्यायचं.

"काका, काकूंना भाऊ आहे की नाही?"

"आहे," ते म्हणाले. कथित म्हणाले नाहीत. नेमकं विचारलं की ते नेमकं सांगत.

"मग त्या चंद्राला का ओवाळतात?"

"भावाकडे जात नाही म्हणून."

"का जात नाहीत?"

"तो मला चोर म्हणाला." त्यांचा आवाज कोरडा झाला. "तुम्हाला सांगितलेलं दिसतंय."

"हो. त्या दिवशी पंगतीतून तुम्ही उठलात. तुमच्या मागे कोण आलं?"

"ही."

"तुम्ही बोलावलं होतं?"

"नाही."

"काकूंना भावाचं म्हणणं खरं वाटलं असतं, तर आज त्या कुठे असत्या?"

जिन्यात काकूंच्या बांगड्या वाजल्या आणि त्या ताट घेऊन वर आल्या. म्हणाल्या, "सरका, वात विझेल."

काकांनी सवयीने तळहात आडवा धरला. काकूंनी कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, ओवाळायला लागल्या. एरवी काका कोरीकडे बघत उभे राहत. त्या संध्याकाळी ते काकूंकडे बघत होते. ज्योत त्यांच्या बोटांशी आली तरी हात काढला नाही. काकूंनीच तो बाजूला केला आणि म्हणाल्या, "भाजेल. लक्ष कुठे आहे?"

काका म्हणाले, "जबाब उशिरा नोंदवला."

"कोणाचा?"

"तुझा. दर वर्षी देत होतीस." मग घसा साफ करून, जणू समोर न्यायाधीश बसलेत आणि त्यांना हे कळलंच पाहिजे, अशा थाटात म्हणाले, "उशीर साक्षीदाराचा नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांना समजलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पदराने टिपलं नाही, हातात ताट होतं. त्या म्हणाल्या, "चला आत. थंडी पडलीय."

थंडी अजिबात नव्हती. वारासुद्धा पडला होता, आणि मी बिनबाह्यांच्या कपड्यांत उभी होते. मी काकांकडे बघत राहिले, आता तो शब्द येणार म्हणून. त्यांनी काकूंच्या हातातलं ताट घेतलं, "हो, पडलीय खरी," म्हणाले आणि त्यांच्या मागे जिना उतरायला लागले.